जुन्या घराच्या मातीतला भुईमूग

॥ श्री ॥

पुनर्वसन गाव, ता. औसा
३ जुलै २००३

चि. सौ. वर्षाराणीस,
नीलम्माचे अ. उ. आ. वि. वि.

आपली सिंधु परवा लातूरला गेली. अकरावीला नाव लागलं. सकाळी कालिज, दुपारी शिकवणी, आन् संध्याकाळी रोज कसलीशी परीक्षा. खोली गौसियाबी म्हणून एक बाई हायत त्यांच्याकडं घेतली. खाली त्यांचं शिवणकाम, वर पोरींच्या खोल्या. एका खोलीत चार कॉट, चार टेबलं, मधी पाय ठेवायला जागा न्हाई. बाई चांगली वाटली. मला म्हणाली, अम्मा, फिकर नको, पोरगी मेरीच समझो.

निघताना सिंधु पाया पडली. रडली न्हाई. मी बी न्हाई. एस्टी लागंपर्यंत दोघी बी बसस्टँडवर अशा उभ्या, जशा काय एकमेकीच्या ओळखीच्याच न्हाई.

आता घरात मी एकटी. ह्या गणपतीला माझ्या धोंडप्पाला आन् तुझ्या सासऱ्याला भूकंपात जाऊन दहा वर्षं हुतील. तुला दुसऱ्या घरी देऊन आठ झाली. तरी तू मला आत्याबाईच म्हणतीस, आन् मी तुला पत्रावर सौ. लिहिते तवा मला बरं वाटतं, खरं सांगते. दोन वर्षं ते सौ. काढून लिहावं लागलं व्हतं.

सिंधु जायच्या आठ दिवस आधी दोघींनी मिळून परसात भुईमूग टोकला. उपट्या हाय, देशी. चार सऱ्या. बियाणं तिनंच फोडलं, दाण्याची लाल साल निघू दिली न्हाई. वीतभरावर एक दाणा, दोन बोटं खोल. उगवला बी. खार मात्र सोडत न्हाई. मी सकाळी काठी घेऊन बसते, ती कुंपणावर बसून माझ्याकडं बघते.

एखाद्या रविवारी लातूरला जाऊन ये. पोरगी तुझीच हाय.

वैजनाथरावांना आशीर्वाद. लोभ कमी हू देऊ नको.

तुझी,
नीलम्मा

॥ श्री ॥

नांदेड
१५ जुलै २००३

ती. आत्याबाईंना,
वर्षाराणीचा शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मिळालं. खारीचं वाचून मी आणि हे दोघेही हसलो. हे म्हणाले, आत्याबाईंना खारीनं ओळखलंय, त्या मारणार नाहीत म्हणून. एवढं शेत तुमचे पुतणे गुरुबसप्पा भाऊजी करतात, दोन पोती शेंगा आणून दिल्या असत्या, तरी तुम्ही परसात चार सऱ्या घालून राहिलात. आणि तुमच्या परसात तर नुसता मुरूम आहे. मागच्या वेळी मी तुळस लावायला गेले तर खुरपं वाकलं होतं. तिथं भुईमूग आला कसा?

इकडे सगळं ठीक. अंगणवाडीत यंदा छत्तीस मुलं आहेत. ह्यांची आयटीआयमधली नोकरी बरी चालली आहे. मुलं शिकायला येतात आणि दोन महिन्यांत लातूरला पळतात, असं म्हणतात. नांदेडातही आता गल्लोगल्ली क्लासच्या पाट्या लागल्या आहेत. दारातून जाताना पोरांची नावं आणि मार्क वाचत जायचं.

लातूरला जाईन. पण आत्याबाई, तुम्हाला म्हणून लिहिते. आमच्या लग्नानंतर हे स्वतः सिंधुला आणायला भूकंपानंतरच्या पत्र्याच्या शेडवर आले होते. तेव्हा तिनंच येत नाही म्हणून सांगितलं. आठ वर्षांची पोर, आजीला कशी सोडेल? मला तेव्हा राग आला नव्हता, आताही नाही. फक्त तेव्हापासून तिच्यासमोर गेले की हात कुठं ठेवावेत ते कळत नाही. मी तुमच्याकडे येते तेव्हा ती मला बसा म्हणते. तांब्याखाली ताटली धरून पाणी आणून देते, पाहुण्यांना देतात तसं.

माझ्या आईचं डोळ्याचं ऑपरेशन त्या आठवड्यात नसतं, तर मी आणि सिंधु हदगावला नसतो, त्याच घरात असतो. हे मी फार वेळा मनात म्हणून बघितलं आहे. आता म्हटलं तरी काही होत नाही.

गुडघ्याला तेल लावत जा. तुमची माया अशीच राहू द्या.

आपली,
वर्षाराणी

॥ श्री ॥

पुनर्वसन गाव
१२ ऑगस्ट २००३

चि. सौ. वर्षाराणीस,
अ. उ. आ. वि. वि.

भुईमूग फुलून गेला. पिवळी बारीक फुलं, सकाळी असतात, दुपारला मान टाकतात. आता आऱ्या सुटल्या. फूल वाळलं की त्याच्या बुडातून दोरा निघतो आन् सरळ मातीत शिरतो. आता खुरपं घालायचं न्हाई, न्हाई तर त्या तुटतात. मी हातानंच गवत काढते. पाऊस बेताचा हाय.

तू इचारलं व्हतंस, मुरमात कसा आला. मुरमात न्हाई आला. उन्हाळ्यात मी गुरुबसप्पाला सांगून जुन्या गावातून एक ट्रॅक्टर माती आणली. आपल्याच घराची. भिंतीची आन् वरच्या माळवदाची. दहा पावसाळे खाऊन लई मऊ झाली हाय. भुईमुगाला असलीच लागती, भुसभुशीत, शेंगेला आत फुगायला जागा देणारी. काळ्या रानात शेंग उपटताना निम्मी तुटून खालीच ऱ्हाती.

सगळी माती चाळणीनं चाळली. दगड निघाले, ते कुंपणाला लावले. बांगडीचा एक तुकडा निघाला, हिरवा, आन् दाराची कडी. बाकी माती. तीन दिवस लागले. सिंधुनं घमेली उचलली. कुठली माती हाय ते तिला म्हाईत हाय. मला वाटलं व्हतं, आपल्याला काही तरी हुईल. काही झालं न्हाई. दुपारी भाकरी खाल्ली आन् पुन्हा चाळायला बसले.

गावातल्या बायकांनी नाव ठेवलं. कमलम्मा म्हणाली, ज्या मातीनं माणसं खाल्ली तिच्यातलं तुम्ही कसं खाणार? मी म्हणाले, मी बी तिच्यात सात तास व्हते. मिलिटरीच्या पोरांनी काढलं तवा तोंडात तीच व्हती.

सिंधु महिन्यात एकदा आली. वाळली हाय. पहिल्या दहात नंबर असतो म्हणाली. मी म्हणाले, लई चांगलं. ती म्हणाली, हाव. मंग आम्ही गवत काढलं.

तू लातूरला जाणार व्हतीस, गेलीस का? इसरू नको.

नीलम्मा

॥ श्री ॥

नांदेड
२४ ऑगस्ट २००३

ती. आत्याबाईंना,
शि. सा. न. वि. वि.

पत्र दोनदा वाचलं आणि ट्रंकेत ठेवलं. हिरवी बांगडी माझी असेल. नसेलही. त्या वर्षी नागपंचमीला सगळ्यांनीच हिरव्या भरल्या होत्या.

तुम्ही केलं ते चूक आहे असं मी म्हणत नाही. तुमची माती आहे, तुमचे हात आहेत. पण त्या शेंगा माझ्याकडे पाठवू नका. अंगणवाडीत आम्ही मुलांना शेंगदाण्याचे लाडू देतो. परवा लाडू वळता वळता माझे हात थांबले. मदतनीस बाई म्हणाली, काय झालं? मी म्हटलं, गूळ गरम आहे.

मागच्या रविवारी आम्ही दोघं लातूरला गेलो. गौसियाबींनी बसवून चहा दिला. त्यांच्या मशीनवर शाळेच्या युनिफॉर्मचा ढीग होता. सिंधु खाली आली. मी चिवडा नेला होता, तो तिनं दोन्ही हातांनी घेतला. विचारलं, एसटीनं आलात का? ह्यांनी तिला केमिस्ट्री कशी चालली आहे ते विचारलं, तिनं सांगितलं. दहा मिनिटांनी म्हणाली, तीन वाजता टेस्ट आहे. जिना चढून गेली. मागं वळून बघितलं नाही, पण मुद्दाम असं नव्हे. जसं आपण दुकानातून निघतो, तसं.

परतीच्या गाडीत ह्यांनी तिकिटं घडी घालून खिशात ठेवली. मग म्हणाले, पोर हुशार आहे. मी म्हटलं, हो.

तब्येतीला जपा. आहे ती ओढ राहू द्या.

आपली,
वर्षाराणी

॥ श्री ॥

पुनर्वसन गाव
८ सप्टेंबर २००३

चि. सौ. वर्षाराणीस,
अ. उ. आ.

गेल्या बुधवारी संध्याकाळी लातूरला जमीन जराशी हलली. आमच्याकडं नुसती भांडी वाजली. कुठं काही पडलं न्हाई, कुणाला लागलं न्हाई. पण लातूरची माणसं, गणपतीचे दिवस, सगळे घराबाहेर. गौसियाबीच्या खोल्यांमधल्या सगळ्या पोरी चपला न घालता खाली पळाल्या. बाईनं रस्त्यावर उभ्या उभ्या पोरी मोजल्या. एक कमी. वर गेली तर आपली सिंधु टेबलाशी बसून पेपर सोडवत व्हती. पाण्याचा माठ पडून फुटला व्हता, पाणी तिच्या पायाखालून चाललं व्हतं. तिनं पाय वर घेतले व्हते, एवढंच. बाईनं दंडाला धरलं तर निमूट उठली. इचारलं, पेपर सोबत घेऊ का?

हे सगळं गौसियाबीनं गुरुबसप्पाला फोन करून सांगितलं. मी दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं लातूरला गेले. तिथं तर कौतुक चाललेलं. शिकवणीच्या सरांनी सगळ्या वर्गापुढं तिला उभं केलं, म्हणे एकाग्रता असावी तर अशी. पोरांनी टाळ्या वाजवल्या. एकटी गौसियाबी मला कोपऱ्यात नेऊन म्हणाली, अम्मा, ये अच्छा नहीं है. डरना चाहिए था बच्ची को.

मी सिंधुला इचारलं, तुला काय वाटलं? म्हणाली, काही न्हाई आजी. मी तिच्या तोंडाकडं बघितलं. ती खोटं बोलत नव्हती.

वर्षाराणी, आता मी लिहिते ते शांतपणी वाच. वाचून मला आत्याबाई म्हणू वाटलं न्हाई तर म्हणू नको.

वैजनाथराव सिंधुला न्यायला शेडवर आले त्या दिवशी सिंधु तिथं नव्हती. ते येणार हे मला आधी कळलं व्हतं. मी तिला सकाळीच कमलम्माबरोबर रानात पाठवलं. ते आले, खाली पोत्यावर बसले, पाणी पिले. मी त्यांना म्हणाले, पोरगी येत न्हाई म्हणती, तिला बळं करू नका. भला माणूस. एका शब्दानं इचारलं न्हाई. पाटी आन् रिबिनी ठेवून गेले.

रात्री सिंधु म्हणाली, आई मला कधी नेणार? मी म्हणाले, त्या घरी तुला जागा न्हाई, जागा झाली की नेतील. ती वर्षभर इचारायची. मंग इचारायची बंद झाली. मला तवा वाटलं, चला, रुळली. ती रुळली नव्हती. तिनं ते आत गाडून टाकलं. आता जमीन हलली तरी तिला काही वाटत न्हाई.

मला तुझा राग नव्हता. तुझं लग्न मीच जुळवलं. पण माणूस गेलं, पोरगा गेला, घर गेलं, आन् तेवढी एक राहिली व्हती. ती बी देऊन मी त्या पत्र्याखाली कुणाकडं बघत बसले असते? हे कारण हाय. चूक न्हाई असं म्हणत न्हाई.

तुला काय करायचं ते कर.

नीलम्मा

॥ श्री ॥

नांदेड
२५ सप्टेंबर २००३

ती. आत्याबाईंना,
सा. न.

तुमचं पत्र बारा तारखेला मिळालं. उत्तर लिहायला बसले की भाजी चिरायची राहिलेली आठवायची. भाजी झाली की कपडे. असे तेरा दिवस गेले.

ह्यांना विचारलं. म्हणाले, शेडच्या दारात लहान चपला होत्या, म्हणून वाटलं पोर आतच आहे, पडद्याआड, आणि आपल्याला बघून बाहेर यायला तयार नाही. परक्या माणसाला बघून घाबरली असेल, म्हणून आपण आवाजही चढवला नाही. एवढं सांगून ते स्कूटर पुसायला गेले. तासभर पुसत होते.

मी तुमच्यावर ओरडावं असं मला वाटेना. रडू येईना. मी वाट बघितली, येईल म्हणून. आठ वर्षं मी असं समजत होते की माझ्या पोरीनं मला नको म्हटलं. दर वेळी तुमच्या दारात येताना मी उंबऱ्याबाहेर थोडी थांबायचे, तिला नको असेल तर परत जाता यावं म्हणून. तुम्ही आतून म्हणायच्या, ये की गं, अशी का उभी? तेव्हा तुम्हाला माहीत होतं.

मी तुम्हाला सोडून देऊ शकत नाही. ज्या दिवशी तुम्हाला दवाखान्यातून आणलं, त्या दिवशी तुम्ही माझं कपाळ बघितलं आणि म्हणालात, हे असं राहू द्यायचं नाही. माझ्या आईनंही तसं म्हटलं नव्हतं. ते खरं आहे, आणि हेही खरं आहे. दोन्ही मी कुठं ठेवू ते मला कळत नाही.

एक करा. सिंधुला तुम्ही सांगा. मी सांगणार नाही. तुमच्याच तोंडून तिनं ऐकलं पाहिजे, आणि अंगणातल्या बायकांसमोर नाही, ती एकटी असताना. तिनं मला विचारलं तर मी खरं तेवढं सांगेन.

औषधाच्या गोळ्या संपल्या असतील. गुरुबसप्पा भाऊजींकडे पाठवते आहे. जेवणानंतर घ्या.

वर्षाराणी

॥ श्री ॥

पुनर्वसन गाव
३ ऑक्टोबर २००३

चि. सौ. वर्षाराणीस,
अ. उ. आ.

सांगितलं.

तीस तारखेला, भूकंपाचा दिवस म्हणून, सिंधु आली. सकाळी सगळं गाव जुन्या गावी गेलं, तिथं नावांचा दगड हाय, त्याला हार घातला. साहेब लोक आले, भाषणं झाली. सिंधुनं धोंडप्पाच्या नावावरून बोट फिरवलं, धूळ पुसली. दुपारी घरी आलो.

भुईमूग आला व्हता. पानं पिवळी पडलेली. मी एक झाड उपटून शेंग फोडून बघितली, टरफल आतून काळसर झालं व्हतं. आदल्या दिवशीच्या पावसानं माती वलसर व्हती. म्हणलं, आजच उपटू. दोघी बसलो. ती एका सरीला, मी शेजारच्या.

दोन-चार झाडं उपटल्यावर मी सुरू केलं. वर बघितलं न्हाई. तुला लिहिलं तसंच सगळं सांगितलं, काही झाकलं न्हाई. तुझ्या आईनं तुला टाकलं न्हाई, मी तुला दिली न्हाई, असं म्हणाले.

ती उपटत राहिली. बुडाला धरायची, ओढायची, झटकायची, बाजूला ठेवायची. सरी संपंपर्यंत. माझी बी राहिलेली तिनंच उपटली, कारण माझे हात चालंनात. मंग उठून हात धुतले आन् इचारलं, त्यांनी माझ्यासाठी काय आणलं व्हतं? मी म्हणाले, पाटी आन् लाल रिबिनी. ती म्हणाली, कुठं हायत? मी म्हणाले, कमलम्माच्या नातीला दिल्या. ती म्हणाली, बरं.

संध्याकाळी मी वल्या शेंगा उकडल्या. मला वाटलं खाणार न्हाई. ताटलीभर खाल्ल्या. म्हणाली, मीठ कमी पडलं.

सकाळच्या गाडीनं गेली. पाया पडली न्हाई. मी बसस्टँडवर गेले व्हते, गाडी निघाल्यावर तिनं खिडकीतून बघितलं. रागानं का कसं, मला कळलं न्हाई. पण बघितलं.

शेंगा लई आल्या. अंगणात वाळत घातल्या. तू नको म्हणालीस म्हणून तुला पाठवत न्हाई. गोळ्या मिळाल्या, जेवल्यावर घेते.

माझ्यावर लोभ ठेव असं मी म्हणणार न्हाई. पत्र मात्र लिही.

नीलम्मा

लातूर
१३ ऑक्टोबर २००३

ती. सौ. आईस,
सिंधुचा सा. न. वि. वि.

तुमचं नाव लिहावं की आई लिहावं, यात दोन कागद वाया गेले. शेवटी आई लिहिलं. मला पत्राची सवय नाही. मराठीच्या पेपरात पत्रलेखनाला मी नेहमी पूर्ण मार्क घेते, पण ते काल्पनिक असतं.

आजीनं मला सगळं सांगितलं आहे. तुम्हाला ते माहीत आहे, असंही सांगितलं. मी घटक चाचणी झाल्यावर लिहायचं ठरवलं होतं. ती शुक्रवारी झाली. माझा नंबर एकतिसावा आला. सरांनी बोलावून विचारलं, घरी काही झालं आहे का? मी म्हटलं, हो. याआधी मी कधी हो म्हटलं नव्हतं. त्यांनी पेपर परत दिला आणि जा म्हणाले.

आजीवर रागवायचं की नाही ते मी अजून ठरवलेलं नाही. रागवायचं असेल तर नीट रागवायला पाहिजे, आणि आता सहामाही आहे. पण शेंगांचं पोतं तिला एकटीला उचलत नाही, म्हणून शनिवारी मी गावाला जाणार आहे. तिला तुम्ही पत्र लिहिलं नाही म्हणून ती रोज पोस्टमनला विचारते, असं गुरुबसप्पा काकांनी सांगितलं. लिहायचं की नाही ते तुम्ही बघा. मी फक्त कळवते.

त्या दिवशी मी खाली का पळाले नाही, असं सगळ्यांनी विचारलं. आजीला मी काही वाटलं नाही म्हणून सांगितलं. ते तेव्हा खरं होतं. पण नंतर एक गोष्ट आठवली. खुर्ची हलली तेव्हा मी खिडकीतून बघितलं होतं. खाली आलेल्या पोरी चौकातल्या फोनच्या दुकानाकडे पळत होत्या. प्रत्येकीला घरी सांगायचं होतं, मी बरी आहे म्हणून. मी विचार केला, आजीकडे फोन नाही. तुमचा नंबर गौसिया खालांच्या वहीत आहे. पण मी बरी आहे हे तुम्हाला कळवायचं असतं का, ते मला माहीत नव्हतं. मग मी पुढचं गणित घेतलं.

येत्या रविवारी गावाहून परत आल्यावर, संध्याकाळी पाच वाजता, मी त्या दुकानातून फोन करणार आहे. तेव्हा घरी असाल तर बरं. वैजनाथ काका उचलणार असतील तरी चालेल, मला त्यांनाही एक विचारायचं आहे.

मला फोनवर बोलता येत नाही. काय बोलायचं ते लिहून काढायला बसले होते, पण वहीत मी बरी आहे याच्या पुढं काही आलं नाही. त्यामुळं मी गप्प राहिले तर लाइन तुटली असं समजू नका. थोडा वेळ फोन ठेवू नका.

आपली,
सिंधु